विद्यार्थी लघुपट महोत्सवात स्वयंसेवक व्हिडिओ एडिटर: काम काय असतं, आणि आपल्या मुलांनी ते का करावं?

दिवाळीची सुट्टी संपली की कॉलेजांमध्ये महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. गेल्या काही वर्षांत त्यात लघुपट महोत्सवांची भर पडली आहे. मुलंच लघुपट बनवतात, मुलंच मागवतात, मुलंच निवडतात आणि कॉलेजच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवतात. मग मुलांच्या ग्रुपवर मेसेज फिरतो, "व्हिडिओ एडिटर हवेत. स्वयंसेवक म्हणून. प्रमाणपत्र मिळेल." आमच्या रामवाडीसारख्या ठिकाणची मुलं हा मेसेज घेऊन घरी जातात आणि घरून पहिला प्रश्न येतो, "पैसे देणार का? नाही? मग कशाला?"

हा प्रश्न चुकीचा नाही. पेण-रोह्याच्या मुलाला पनवेल, अलिबाग किंवा मुंबईला जायचं म्हणजे एसटी किंवा रेल्वेचं भाडं, बाहेरचं खाणं आणि अभ्यासाचा वेळ, असा तिहेरी खर्च होतो. तो का करावा, हे पालकांना समजलंच पाहिजे. म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी मांडतो. हे काम नेमकं काय आहे, त्यात शिकण्यासारखं काय आहे, आणि हो म्हणण्याआधी आयोजकांना काय विचारायचं.

आधी शब्द समजून घेऊ

एडिटिंगला मराठीत संकलन म्हणतात आणि एडिटरला संकलक. शब्द फार नेमका आहे. संकलन म्हणजे जमवणं, जुळवणं. आपल्याकडे लोकांना वाटतं की एडिटर म्हणजे व्हिडिओ कापणारा. कापणं हे त्या कामाचं अर्धंच अंग आहे. कोणत्या चित्रानंतर कोणतं चित्र ठेवायचं, कोणता आवाज कुठून सुरू करायचा, कुठे थांबायचं, ही जुळवाजुळव म्हणजे खरं काम.

उर्दूत यालाच जवळचा शब्द आहे, तदवीन. विखुरलेला मजकूर गोळा करून, तपासून, नीट लावणं. हदीसच्या तदवीनबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिथे मजकुराइतकंच महत्त्व सनदेला होतं. ही गोष्ट कोणी कोणाकडून ऐकली, ती साखळी आधी तपासायची, मग पुढचं. व्हिडिओच्या बाबतीत आज नेमकी हीच सवय हरवली आहे. चित्र कुठून आलं, आधी काय होतं, नंतर काय होतं, हे कोणी विचारत नाही. या मुद्द्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

जुळवणीत किती ताकद असते, हे रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. त्यांनी एका नटाच्या चेहऱ्याचं एकच चित्र घेतलं. एकदा त्याच्यापुढे सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. चेहरा तोच, भाव तोच. पण बघणाऱ्यांना एकदा तो भुकेला वाटला, एकदा दुःखी, एकदा प्रेमात पडलेला. म्हणजे अर्थ केवळ चित्रात नसतो, दोन चित्रांच्या जोडात तयार होतो. तो जोड ज्याच्या हातात, त्याच्या हातात अर्थ.

महोत्सवात एडिटर काय करतो?

घरचा व्हिडिओ जोडणं वेगळं आणि महोत्सवाचं काम वेगळं. तिथलं काम तीन टप्प्यांत चालतं.

पहिला टप्पा महोत्सवाआधीचा. समजा चाळीस लघुपट आले. एखादा मोबाईलवर उभा शूट केलेला, एखादा चांगल्या कॅमेऱ्यावरचा, एखादा इतका जड की उघडतच नाही. साधा हिशेब करा. बऱ्या दर्जाच्या फुल एचडी व्हिडिओला मिनिटाला साधारण दीडशे एमबी जागा लागते. दहा मिनिटांचा लघुपट दीड जीबीचा झाला. चाळीस लघुपट म्हणजे साठ जीबी. शिवाय प्रत्येकाची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच, कारण ऐन दिवशी एक डिस्क बंद पडली तर चाळीस मुलांची मेहनत पाण्यात जाते.

मग प्रत्येक फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची. आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो का? ओठ आणि शब्द जुळतात का? ही दुसरी तक्रार मोबाईलच्या चित्रीकरणात नेहमीची आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपल्याकडचा टीव्ही २५ चित्रांचा, आणि मोबाईल बहुधा ३० चित्रं घेतो. त्यातही मोबाईल प्रकाश कमी-जास्त झाला की हा वेग स्वतःच बदलतो. त्यामुळे पाचव्या मिनिटाला आवाज पुढे आणि चित्र मागे अशी गत होते. एडिटरने ती फाईल एकसमान वेगात बदलून घ्यायची, लघुपट बनवणाऱ्या मुलाला कळवायचं आणि त्याने पाहून हो म्हटल्यावरच ती यादीत लावायची.

उभा व्हिडिओ आला तर दोन्ही बाजूंना काळी पट्टी ठेवून तसाच दाखवायचा. पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापला तर माणसांची डोकी जातात. सगळ्या लघुपटांचा आवाज साधारण एका पातळीवर आणायचा, नाहीतर एक ऐकूच येत नाही आणि दुसऱ्याला लोक कान झाकतात. शेवटी त्याच हॉलमध्ये, त्याच प्रोजेक्टरवर चाचणी घ्यायची. लॅपटॉपवर छान दिसणारं रात्रीचं दृश्य प्रोजेक्टरवर नुसतं काळं दिसतं, हे तिथेच समजतं.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष महोत्सवाचा. सकाळी उद्घाटन झालं की संध्याकाळपर्यंत त्याची दोन मिनिटांची फिल्म हवी असते. पाहुण्यांच्या मुलाखती, प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया, बक्षीस समारंभात प्रत्येक नामांकित लघुपटाचा वीस सेकंदांचा तुकडा, हे सगळं याच टेबलावर तयार होतं. वेळ कमी, गोंधळ फार, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन विचारतो, "झालं का?" वर्गात बसून हा ताण शिकवता येत नाही.

तिसरा टप्पा महोत्सवानंतरचा. यात कोणाला रस नसतो, पण चांगला स्वयंसेवक इथेच ओळखू येतो. सगळ्या फाईली नावं घालून आयोजकांच्या ताब्यात द्यायच्या आणि स्वतःच्या लॅपटॉपवरच्या प्रती पुसून टाकायच्या. दुसऱ्याचा लघुपट आपल्याकडे ठेवून मित्रांना पाठवणं किंवा त्यातले तुकडे स्वतःच्या नावाने टाकणं हा अमानतीत खयानत करण्याचाच प्रकार आहे.

दुसऱ्याच्या लघुपटाला हात लावायचा नाही

या कामातला सगळ्यात मोठा नियम हाच. महोत्सवाचा एडिटर महोत्सवाची फिल्म कापू शकतो, मुलांच्या लघुपटांना तो कात्री लावू शकत नाही.

उदाहरण घेऊ. नियम दहा मिनिटांचा आहे आणि पेणच्या मिठागरातल्या कामगारांवर कोणीतरी केलेला माहितीपट साडेअकरा मिनिटांचा आला. आयोजक घाईत म्हणतात, "शेवटची दीड मिनिटं उडवून टाक, कोणाला कळतंय?" एडिटरला ते दोन मिनिटांचं काम. पण त्या शेवटच्या दीड मिनिटात कामगार बाई आपल्या मजुरीचा हिशेब सांगत असेल तर? ती गेली की माहितीपट नुसता सूर्यास्ताचा सुंदर व्हिडिओ उरतो. म्हणून अशा वेळी लघुपट बनवणाऱ्याकडे परत पाठवायचा. तोच कमी करेल, किंवा स्पर्धेबाहेर दाखवा म्हणेल. निर्णय त्याचा.

शेवट उडवला तर काय होतं, याचा सगळ्यात भयंकर धडा महाराष्ट्राने आणि देशाने २०१८ मध्ये पाहिला. त्या वर्षी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ गावोगाव फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. सोबत मजकूर, "मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा." प्रत्यक्षात तो व्हिडिओ कराचीतल्या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाईन या संस्थेसाठी २०१६ मध्ये बनवलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं लगेच परत येतात, मुलाला सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असं सांगणारा फलक कॅमेऱ्यासमोर धरतात. कोणीतरी तो शेवटचा भाग कापला. लोकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म लोकांना पेटवणारी झाली.

असे व्हिडिओ आणि संदेश यांतून त्या वर्षी देशात अनेक ठिकाणी जमावाने माणसं मारली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारलं गेलं. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

फिल्मचा तो शेवट कोणी कापला, हे लोकांना कधी समजलं नाही. कात्री चालवणारा दिसत नाही, म्हणूनच त्याची जिम्मेदारी जास्त. अर्धवट कापलेल्या भाषणाचा, जुन्या दंगलीचा किंवा दुसऱ्याच देशातल्या घटनेचा व्हिडिओ आपल्या माणसांच्या नावावर खपवला जातो, तेव्हा किती त्रास होतो, हे या संकेतस्थळाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आणि खरं बोलायचं तर असे व्हिडिओ आपल्याही ग्रुपमध्ये येतात आणि आपणही न बघता पुढे ढकलतो. ज्या मुलाने चार दिवस महोत्सवाच्या टेबलावर बसून "शेवटाला हात लावायचा नाही" हा नियम पाळला, तो मुलगा घरच्या ग्रुपवरही विचारतो, "याच्या आधी काय होतं? नंतर काय होतं?" घरात असा एक माणूस असणं ही आज मोठी गरज आहे.

आपल्या मुलांची जमेची बाजू

महोत्सवात एक काम असं आहे ज्याला माणसं मिळत नाहीत, ते म्हणजे सबटायटल. लघुपट मराठीत, हिंदीत, उर्दूत, कधी कोकणीत येतो आणि प्रेक्षक वेगळ्याच भाषेचे. खाली येणाऱ्या ओळी नीट लिहिणं, वेळेला बसवणं हे एडिटरच्या टेबलावरचं काम आहे. साधा नियम असा की एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत, एक ओळ साधारण चाळीस अक्षरांच्या आत, आणि वाचायला पुरेसा वेळ पडद्यावर.

आता कॉम्प्युटर आपोआप सबटायटल तयार करतो, हे खरं. पण तो फसतो. एखादे बुजुर्ग म्हणाले "तकल्लुफ मत कीजिए" आणि यंत्राने लिहिलं "तकलीफ मत कीजिए", की "संकोच करू नका"चं "त्रास करून घेऊ नका" होतं. हिंदीतला "शिक्षा" शब्द तर मराठीत तसाच ठेवला की अनर्थच. आई हिंदीत म्हणते की मुलींना शिक्षण मिळालं पाहिजे, आणि खाली मराठीत उमटतं, "मुलींना शिक्षा मिळाली पाहिजे." हॉल हसतो, आणि त्या आईच्या बोलण्याची किंमत जाते.

घरी एक भाषा, मोहल्ल्यात दुसरी, शाळेत तिसरी, बाजारात चौथी, असं आपली मुलं लहानपणापासून जगतात. आपण याला अडचण समजतो. उर्दू माध्यमाच्या मुलाचं मराठी कच्चं, मराठी माध्यमाच्या मुलाला उर्दू वाचता येत नाही, अशा तक्रारी आम्ही शाळेत रोज ऐकतो. या टेबलावर मात्र हीच गोष्ट हुनर ठरते. उर्दू सबटायटल उजवीकडून डावीकडे जातात. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं सुटी पडतात किंवा प्रश्नचिन्ह ओळीच्या भलत्या टोकाला जातं. उर्दू वाचता येणाऱ्या मुलालाच ते दिसेल.

मालेगावने काय शिकवलं

महागडा लॅपटॉप नाही, म्हणून आपल्या मुलाला हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी मालेगाव आठवावं. यंत्रमागांच्या या शहरात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. सिनेमे दाखवता दाखवता त्यांनी सिनेमा कसा जोडला जातो हे डोळ्यांनी शिकून घेतलं. २००० च्या सुमारास त्यांनी मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' बनवला. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा, नट गल्लीतले, आणि संकलन दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून. एका यंत्रावर लावायचं, दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवायचं. चुकलं तर पुन्हा सुरुवातीपासून. सिनेमा शहरात धो धो चालला.

पुढे फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. रीमा कागती दिग्दर्शित 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट २०२४ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे लागला. दोन व्हीसीआरवर जोडलेल्या कामाची गोष्ट एवढी लांब गेली.

आज परिस्थिती कितीतरी सोपी आहे. डाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती मोफत मिळते, फक्त तिला तगडा कॉम्प्युटर लागतो. साध्या लॅपटॉपवर शॉटकटसारखं मोफत सॉफ्टवेअर चालतं. चोरीचं, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरण्याची आता गरजच उरलेली नाही, आणि ते वापरूही नये. त्यातून व्हायरस येतो ते वेगळंच.

आपल्या कोकणात तर संकलनाची एक जुनी परंपराच म्हणा ना. वडील कुवेत, सौदी, दुबईत, आणि इथे मुलीचं लग्न. मग निकाहची कॅसेट, पुढे सीडी, आता लिंक तिकडे जाते. ती तीन-चार तासांची फिल्म वडिलांसाठी लग्नाला हजर राहण्याइतकीच असते. ती जोडणाऱ्याने रुखसतीचा प्रसंग कापला तर काय वाटेल, हे आपल्या घरांना चांगलं ठाऊक आहे.

पुढे वाट कुठे जाते?

स्वयंसेवा हे नोकरीचं आश्वासन नाही. पण वाट दिसायला ती उपयोगी पडते. पुण्याची एफटीआयआय ही १९६० साली सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था. तिथे पदवीनंतर संकलनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षेतून मिळतो. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, म्हणजे बीए, बीकॉम झालेल्यालाही दार उघडं आहे. लहान मुदतीचे अभ्यासक्रमही संस्था घेते. याच संस्थेत शिकलेल्या रेणू सलुजा यांनी 'जाने भी दो यारो' आणि 'परिंदा' संकलित केले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. इथल्याच बीना पॉल संकलक म्हणून नावारूपाला आल्या आणि पुढे केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या कलात्मक दिग्दर्शक झाल्या. म्हणजे एडिटिंगच्या टेबलावरून उठून अख्खा महोत्सव चालवणाऱ्या बाई आपल्या देशात आहेत.

विद्यार्थ्यांचा लघुपट किती लांब जाऊ शकतो, हे २०२४ मध्ये दिसलं. एफटीआयआयच्या चिदानंद नाईक यांच्या सोळा मिनिटांच्या कन्नड लघुपटाला कान महोत्सवात 'ला सिनेफ' या विद्यार्थी विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं. एका म्हातारीने गावातला कोंबडा चोरल्याची लोककथा, आणि चित्रीकरण अवघ्या चार दिवसांचं. संकलक मनोज व्ही हेही विद्यार्थीच.

जवळचं सांगायचं तर माहितीपट आणि लघुपटांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव, ज्याला 'मिफ' म्हणतात, १९९० पासून मुंबईत दर दोन वर्षांनी होतो. तिथे विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठी वेगळं बक्षीस असतं. गोव्याच्या इफ्फीमध्ये २०२१ पासून तरुणांसाठी 'क्रिएटिव्ह माइंड्स' हा उपक्रम आहे. निवडलेले तरुण गट करून ४८ तासांत लघुपट बनवतात, आणि त्यात संकलकांचीही वेगळी निवड होते. शाळकरी मुलांसाठी आणि आमच्यासारख्या शिक्षकांसाठी एनसीईआरटीचा बालकांच्या शैक्षणिक श्राव्य-दृक् कार्यक्रमांचा अखिल भारतीय महोत्सव आहे.

संगीत, परवानगी आणि कायदा

दोन गैरसमज मुलांमध्ये फार पसरलेत. पहिला, "दहा सेकंद गाणं वापरलं तर चालतं." सेकंदांची अशी कोणतीही सूट १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात नाही. दुसरा, "जुनं गाणं फुकट असतं." ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो. पण गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालू राहतो. म्हणून रेकॉर्ड जुनी झाली तरी गाणं मोकळं झालं असं नाही. मोकळ्या परवान्याचं संगीत वापरा, ओळखीच्या मुलाकडून वाजवून घ्या, किंवा नुसते खरे आवाज ठेवा. एसटी सुरू होण्याचा, पावसाचा, चुलीवरच्या भाकरीचा आवाज कोणत्याही उसन्या गाण्यापेक्षा जास्त बोलतो. ज्या घरांमध्ये संगीताबद्दल संकोच आहे, त्यांच्यासाठीही ही वाट खुली आहे.

परवानगीचंही तसंच. हॉलमधल्या प्रेक्षकांच्या, विशेषतः मुलींच्या, जवळून घेतलेल्या चित्रणाचा वापर विचारल्याशिवाय करायचा नाही. मुलाखत देणाऱ्याचं बोलणं छोटं केलं तर त्याला दाखवून घ्यायचं. "मी सरकारी शाळेच्या विरोधात नाही, पण..." यातला पहिला भाग कापून उरलेला दाखवणं म्हणजे लहान प्रमाणात तीच कराचीच्या फिल्मसारखी गोष्ट. आणि अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करणं पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, हे कॉलेजच्या पोरांनी पक्कं लक्षात ठेवावं.

हो म्हणण्याआधी हे विचारा

स्वयंसेवा म्हणजे खिदमत. पण खिदमतीच्या नावाखाली पोरांना राबवून घेणारेही असतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला एका महोत्सवात सलग दोन रात्री जागवलं, जेवण स्वतःच्या खिशातून, आणि शेवटी श्रेयनामावलीत नावच नाही. हे टाळायचं असेल तर सुरुवातीलाच नम्रपणे, मेसेजवर लिहून विचारायचं:

एक, काम किती दिवसांचं आणि दिवसाला किती तास? परीक्षा जवळ असेल तर आधीच सांगायचं.

दोन, प्रवासखर्च आणि जेवण कोणाचं? मानधन नसलं तरी एवढं मिळालं पाहिजे. मुलाच्या घरून पैसे जाऊ नयेत.

तीन, हार्ड डिस्क कोण देणार? स्वतःची विकत घ्यायची नाही.

चार, एकच माणूस शेवटचा निर्णय देणार ना? पाच जण पाच सूचना देतात आणि एडिटर रात्रभर बदल करत बसतो. दोन वेळा बदल, तिसऱ्यांदा नाही, असं ठरवून घ्यावं.

पाच, फिल्ममध्ये नाव येणार का, आणि ते काम दुसरीकडे नमुना म्हणून दाखवता येईल का? प्रमाणपत्रापेक्षा हे मोलाचं आहे. पुढे काम देणारा माणूस प्रमाणपत्र बघत नाही, काम बघतो.

सहा, मुलगी जाणार असेल तर काम किती वाजता संपेल, सोबत कोण आहे, जबाबदार शिक्षक कोण, त्यांचा नंबर काय. पुष्कळसं काम घरी बसूनही होतं. सबटायटल, फाईली तपासणं, ट्रेलर जोडणं यासाठी हॉलवर जावं लागत नाही. भारतीय सिनेमाच्या अगदी सुरुवातीला, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी, दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घर सांभाळून फिल्मचं तांत्रिक काम बघत होत्या. हे बायकांचं काम नाही, असं म्हणणाऱ्यांना हा इतिहास सांगावा.

शेवटी पालकांना विनंती

काही घरांत सिनेमाच नको असं मत आहे. तो निर्णय प्रत्येक घराचा, आम्ही त्यात पडत नाही. एवढंच म्हणतो की कॅमेरा आता प्रत्येक पोराच्या खिशात आहे आणि व्हिडिओ कापायचं बटण त्याच्या अंगठ्याखाली आहे. तो कापणार आहेच. चांगल्या माणसांच्या देखरेखीखाली, नियम पाळून, दुसऱ्याच्या मेहनतीची कदर करत कापायला शिकला तर बरं, की एकटा, रात्री, लाईकच्या नादात शिकला तर बरं?

दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये सेकंदाला २५ प्रमाणे १५ हजार चित्रं असतात. ती एकेक करून बघणारं, दुसऱ्याचं म्हणणं पुरतं ऐकून मगच हात लावणारं पोर पुढे वकील झालं, पत्रकार झालं, शिक्षक झालं किंवा दुकानात बसलं, तरी ही सवय वाया जात नाही. या हंगामात तुमच्या मुलाने किंवा मुलीने तो मेसेज दाखवला, तर आधी वर दिलेले सहा प्रश्न विचारायला लावा. उत्तरं ठीक आली तर जाऊ द्या.